तीन देशांचा रविराज

"धर्म काढते हं तुमचा," तबस्सुमताई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

"काढा. अजून काय काय काढणार?"

"जन्मतारीख. वडिलांचं नाव. विवाहित. उंची. आणि हा फोटो."

"अहो ताई, फोटो कशाला? त्या फोटोत मला कोट तुम्हीच चढवलाय!"

"तो कोट दुबईला गेला, भाऊ. कॅनडाला चेहरा चालत नाही."

"मग त्यांना कळणार कसं, समोर माणूस आहे का बकरा?"

"काम वाचून कळतं म्हणे. आणि पाय थांबवा आधी. माझा माउस पळतोय."

रविराज आहेरने उजवा पाय थांबवला. लगेच डावा सुरू झाला.

या माणसाला निवांत बसलेला कुणी पाहिलेला नाही. फार तर बसायच्या बेतात असलेला पाहिला असेल. चहा उभ्याने, जेवण अर्ध्या मांडीवर, आणि सिनेमाला गेला तर मध्यंतराआधीच दोनदा बाहेर जाऊन येणार. सातपूरच्या औद्योगिक भागात, अशोकनगरात, बसथांब्याच्या मागे तबस्सुमताईंचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सगळ्या सरकारी वेबसाइटींशी भांडण, आणि गेल्या काही वर्षांपासून परदेशचे बायोडाटे. तिथल्या प्लास्टिकच्या स्टुलाचा एक पाय रविराजने हलवून हलवून ढिला केला होता. ताईंनी त्याखाली जुन्या लग्नपत्रिकेची घडी सारली होती.

रविराज देवळ्याकडचा. आयटीआयला टर्नरचा ट्रेड करून सातपूरला आला, हेल्परचा ऑपरेटर झाला, ऑपरेटरचा सेटर. म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर टूल लावायचं, माप जुळवायचं, पहिला जॉब, म्हणजे नग, पास करून द्यायचा आणि मग ते ऑपरेटरच्या हवाली करायचं. पस्तिशी उलटली होती. त्याला परदेश बघायची हौस नव्हती. बर्फाचं नाव काढलं तरी त्याला सर्दी व्हायची. त्याला हवी होती फक्त न थांबणारी नोकरी. इथे बारा वर्षं वाट बघून झाली, म्हणून त्याने तीन देशांत गळ टाकला होता.

दुबईच्या बायोडाट्यात तो कोट घालून गंभीर चेहऱ्याने उभा होता : हिंदू, विवाहित, पासपोर्ट तयार, ओव्हरटाइमला हरकत नाही. कॅनडाच्या बायोडाट्यात तो नुसता हवेत होता. ना वय, ना बायको, ना तोंड. नुसतं काम. तबस्सुमताईंनी कॅनडाची प्रिंट काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"शेवटी ते नाही टाकलं? 'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे'?"

"ते आपल्याकडेच लागतं. तिकडे धरूनच चालतात."

"काय, खरी आहे असं?"

"बघा ना, किती भोळे लोक." ताई हसल्या. "चला, आता जर्मनी. तुमचं आवडतं."

जर्मनीचं नाव काढताच रविराजचे दोन्ही पाय थांबले. कॉलेज रोडच्या क्लासात वर्षभर जाऊन तो जर्मन शिकला होता. सेकंड शिफ्ट सुटली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे, विशीतल्या पोरापोरींमध्ये हा एकटा मिशीवाला. दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्या गावातल्या कारखान्याने त्याचं नाव पहिल्या चाळणीतून पुढे घेतलं होतं. तिथल्या केलरबाईंची मेल आली होती : सविस्तर बायोडाटा पाठवा, शाळेपासून आजपर्यंत, महिना आणि वर्ष घालून. मध्ये मोकळी जागा नको. असलीच तर कारण लिहा. सोबत कामाचा सरकारी पुरावा.

"लिहा," रविराज म्हणाला. "दोन हजार तेरा ते आजपर्यंत. सीएनसी सेटर. झालं."

"तसं दुबईला चाललं. इथे तुमच्या पीएफचा उतारा जोडायचाय. त्यात काय आहे ते तर बघू."

त्यांनी उतारा उघडला आणि एकेक ओळ टाइप करायला घेतली. सात महिने भरणा, मग दोन महिने काही नाही. पुन्हा सात महिने, पुन्हा कोरं. मध्येच ठेकेदाराच्या फर्मचं नाव बदललेलं, मग पुन्हा पहिलंच. ताईंची बोटं हळूहळू मंदावली. पडद्यावर दात पडलेल्या कंगव्यासारखं काहीतरी उभं राहिलं होतं.

"या अल्लाह," त्या पुटपुटल्या.

ब्रेक काय असतो हे तबस्सुमताईंना माहीत नव्हतं असं नाही. सातपुरात राहून ज्याला तो समजावून सांगावा लागतो तो कालच आलेला म्हणायचा. ठेक्यावरच्या कामगाराची सलग नोकरी फार झाली की तो कायम करा म्हणून हक्क सांगेल, या भीतीने त्याला सात महिन्यांनी घरी बसवतात. महिना-दोन महिने गेले की फोन येतो, "सोमवारी ये, नवीन गेटपास घे." तोच गेट, तेच मशीन, तोच डब्याचा कोपरा, फक्त कागदावर माणूस नवा. इथे मुलाचं लग्न जमवताना मुलीकडचे मुहूर्ताआधी विचारतात, "ब्रेक कधी पडतो तुमचा?" हळदी, बारशी, घराला रंग, सगळं ब्रेकमध्ये उरकायचं. ब्रेकला कुणी लाजत नाही, जसं कुणी उन्हाळ्याला लाजत नाही.

पण तो असा ओळीने, तारखा घालून लिहिलेला ताईंनीही कधी पाहिला नव्हता.

"भाऊ, हे वाचलं तर काय वाटेल माहितीये? हा माणूस कुठे टिकतच नाही."

"एकाच मशीनवर बारा वर्षं आहे मी!"

"हो, पण ते यात कुठे दिसतंय?"

रविराज उठला. दाराशी गेला, परत आला, पुन्हा दाराशी गेला. बाहेर शिफ्ट सुटली होती आणि मोटारसायकलींची रांग सिग्नलला तुंबली होती.

"तिकडच्या बाईला लिहू, कंपनीचा नियम आहे म्हणून."

"लिहू. पण त्यांनी पुढच्या ओळीत म्हटलंय, कारणाला मालकाचं पत्र जोडा. देईल तुमचा मालक?"

मालक म्हणजे ठेकेदार. ठेकेदार म्हणजे धनराजशेठ. आणि या महिनाअखेरीस रविराजचा पुढचा ब्रेक पडायचा होता. ब्रेकनंतर परत बोलवायचं की नाही, हे धनराजशेठच्याच हातात होतं.

घरी आला तर चैताली वेदिकाच्या वेणीशी झुंजत होती. चैताली बालवाडीत शिकवायची, त्यामुळे घरातही तिचा आवाज तीस मुलांना पुरेल एवढा असायचा.

"काय म्हणाला जर्मनी?"

"मधे मोकळी जागा नको म्हणाला."

"मग भरा की."

"कशाने भरू? ब्रेकमध्ये घरी होतो असं लिहू?"

"तुम्ही? घरी?" चैतालीने कंगवा हवेतच थांबवला. "वेदू, ऐकलंस का? पप्पा घरी होते म्हणे. अहो, तुम्ही घरी बसला असतात तर मी पेढे वाटले असते. पहिला ब्रेक आठवतो का? हिरामणभाऊंच्या वर्कशॉपला जाऊन बसला होतात अंबडला. फुकट. मशीन सेट करायला शिकतो म्हणालात. मी माहेरी सांगत फिरत होते, नवऱ्याला पगार नाही पण तो कामाला जातो."

"ते शिकलो म्हणून सेटर झालो."

"मग हे लिहायला काय होतं? पुढचा ब्रेक, आपलं लग्न. नंतरच्यात देवळ्याला कांदा साठवायची चाळ नव्याने उभी केलीत, तिचे पत्रे अजून तुमच्या मापात बसलेत, सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. मग वेदू. मग मामंजींचं आजारपण, दोन महिने दवाखान्याच्या बाकावर तुम्हीच तर होतात. मग लॉकडाऊन, तो तर साऱ्या जगाचाच ब्रेक. आपल्या घरात जे काही घडलं ना, ते सगळं तुमच्या ब्रेकमध्येच घडलंय."

"पप्पा, मी ब्रेकमध्ये झाले?" वेदिकाने विचारलं.

"हो."

"शाळेच्या ब्रेकमध्ये?"

"गप बस, वेणी वाकडी होतेय," चैताली म्हणाली.

रविराज खिडकीला टेकला होता. "चैताली, मी काय केलं हे लिहीन. पण मला दर वेळी का बसवलं हे कोण लिहून देणार? त्यांना ते हवंय. कारण. कुणाच्या तरी सहीचं."

"धनराजशेठना मागा."

"मागितलं आणि डोक्यात गेलं त्यांच्या, तर? जर्मनीचं काही खरं नाही. या ब्रेकनंतर फोनच नाही आला तर?"

चैतालीने वेणीला रबर लावलं, दोनदा गुंडाळलं, तिसऱ्यांदा ओढून पाहिलं.

"माझ्या पगारात भाडं निघतं," ती म्हणाली. "भाजी तेवढी तुम्ही पिकवा."

धनराजशेठचं ऑफिस हार्डवेअरच्या दुकानावर होतं. शेठही देवळ्याकडचेच, रविराजच्या वयाचे, गावाकडच्या नात्याने सगळ्यांना अरे-तुरे करणारे. कुणाचं लग्न असो, मयत असो, शेठ हजर. दसऱ्याला प्रत्येक कामगाराच्या घरी मिठाईचा पुडा. वाईट म्हणावा असा माणूस नव्हताच, आणि रविराजची अडचण तीच होती.

"या जर्मन!" शेठ ओरडले. "सगळ्या सातपूरला माहीत झालंय. बस. पाणी पी. बस म्हणतो ना! तुला बसवायचं म्हणजे बैल खाली बसवायचा."

"शेठ, एक पत्र पाहिजे होतं."

"अनुभवाचं ना? तयारच ठेवलंय." त्यांनी ड्रॉवरमधून लेटरहेड काढलं. "तेरा सालापासून आजपर्यंत सलग सेवेत, वर्तणूक उत्तम, कुशल सेटर. शिक्का मारलेला आहे. बघ, मागायच्या आधी दिलं की नाही?"

रविराजने पत्र वाचलं. 'सलग' या शब्दावर तो अडला.

"शेठ, सलग कुठंय? ब्रेक आहेत की मधे."

"अरे बाबा, तुझ्या फायद्याचंच लिहिलंय!"

"त्यांनी पीएफचा उतारा मागितलाय. त्यात दिसतं. तुम्ही फक्त एवढंच लिहा, की मधले ब्रेक कामगाराच्या चुकीने नाहीत, पद्धतीने दिलेत."

शेठच्या चेहऱ्यावरचं हसू जागेवर राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं.

"पद्धत. हा शब्द मी माझ्या लेटरहेडवर, माझ्या सहीने लिहू?"

"खरं तर तेच आहे ना, शेठ."

"खरं आहे म्हणूनच लिहायचं नसतं. उद्या हा कागद फिरत फिरत लेबर ऑफिसला गेला की वरची कंपनी आधी माझा ठेका काढणार. माझी दीडशे पोरं आहेत, रवी. त्यांना कोण बोलावणार मग? तुझी केलरबाई?"

"कोण पाठवतंय लेबर ऑफिसला?"

"कोणी नाही पाठवत. कागद आपोआप जातो." त्यांनी पेन टोपणात घातलं. "खोटं पाहिजे तर आत्ता घेऊन जा, चांगल्या कागदावर दिलंय. खरं मागू नको. आणि हे बघ, भावासारखा सांगतो, ब्रेकच्या तोंडावर असल्या गोष्टी काढू नये माणसाने."

रविराज उठला. जिना उतरताना पत्र हातातच होतं. ते त्याने परत दिलं नाही. का दिलं नाही, याचा विचार तो गाडीला किक मारेपर्यंत करत होता, आणि गाडीला सेल्फ स्टार्ट होता.

पुढचे काही दिवस ते पत्र डब्याच्या पिशवीत फिरलं. कामावर गेलं, परत आलं, क्लासला गेलं. एका कोपऱ्याला लोणच्याचं तेल लागलं. मशीनवर माप जुळवताना हात स्थिर असायचा त्याचा, तेवढी एकच जागा होती स्थिर राहायची. बाकी वेळ तो हिशेब करत राहायचा. बाईंनी उतारा नीट वाचलाच नाही तर? तिकडे हजार अर्ज असतील. शिक्का बघून पुढे गेल्या तर? सगळेच असं करतात. शेजारच्या लाइनवरचा ओम दुबईला गेला तो दहा वर्षांचा अनुभव लिहून, आणि तो नोकरीला लागून चारच वर्षं झाली होती. ओम तिकडून फोटो पाठवतो, गाडीला टेकून.

महिनाअखेरीला ब्रेक पडला. त्याच दुपारी तो तबस्सुमताईंच्या दुकानात शिरला आणि पत्र त्यांच्यापुढे टाकलं.

"स्कॅन करा."

ताईंनी पत्र वाचलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पत्राकडे. "तेल लागलंय याला."

"लागू द्या. करा."

"करते. मला काय. तुमचा पीएफ एक बोलणार, हे दुसरं बोलणार, आणि मुलाखतीत तुम्ही तिसरं बोलणार. बाईंनी विचारलं, सतरा सालच्या मे महिन्यात कुठल्या मशीनवर होता, तर काय सांगाल? मला आत्ता सांगा, सराव होईल."

"सतराच्या मेमध्ये..." रविराज बोलायला गेला आणि थांबला.

सतराच्या मे महिन्यात तो सिव्हिल हॉस्पिटलच्या जिन्यात वरखाली करत होता. नर्स ओरडली होती, अहो, एका जागी उभे राहा, बाळ बाहेर यायला घाबरतंय. मग वेदिका आली. या पत्राप्रमाणे त्या दिवशी तो सेकंड शिफ्टला होता.

स्कॅनरचं झाकण उघडं होतं. आतला दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकायच्या तयारीत.

"थांबा," तो म्हणाला.

"थांबले."

"असं करा. जे आहे ते लिहा. पहिला ब्रेक : मित्राच्या वर्कशॉपमध्ये प्रशिक्षण, पगार नाही. दुसरा : लग्न. मग गावी कांद्याच्या चाळीचं बांधकाम. मग मुलीचा जन्म. मग वडिलांची शुश्रूषा. मग लॉकडाऊन. बाकीचे एकेक सांगतो तसे लिहा. आणि सगळ्यात वर एक ओळ : हे ब्रेक मला देण्यात आले, मी घेतले नाहीत. मालक हे लेखी देत नाही."

"मालक लेखी देत नाही, हेसुद्धा लिहू?"

"त्यांनी पत्र का जोडलं नाही विचारलं तर दुसरं काय सांगणार?"

ताईंनी टाइप केलं. मग म्हणाल्या, "भाऊ, हे दोन पानांचं झालं. पण पहिल्यांदा वाचताना माणूस दिसतोय."

"बकरा नाही ना?"

"पाठवू का?"

"लवकर पाठवा, माझं मन बदलायच्या आत."

पुढे दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे ब्रेक संपला आणि सोमवारी या म्हणून ज्यांना फोन यायचे त्या सगळ्यांना आले, रविराजला नाही. त्याने तीनदा मोबाईल बंद करून चालू केला, चैतालीच्या मोबाईलवरून स्वतःला फोन लावून पाहिला. लागत होता. लाइनवरच्या एकाने सांगितलं, तुझ्या मशीनवर चांदवडचा नवा मुलगा घेतलाय. शेठने स्वतः आणून उभा केला. "तू जर्मनीला चाललायस ना, मग कशाला बोलवायचं, असं म्हणाले," तो म्हणाला. रविराज मग अंबडला हिरामणच्या वर्कशॉपमध्ये जायला लागला. या वेळी हिरामणने पगार ठरवला, निम्मा.

दुसरी गोष्ट म्हणजे केलरबाईंनी मुलाखतीची वेळ दिली.

तबस्सुमताईंनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मागच्या भिंतीला पांढरा पडदा होताच, फोटोसाठीचा. स्टूल बदलून स्वतःची खुर्ची दिली. चैताली शर्टाची कॉलर नीट करून बाहेर बाकावर जाऊन बसली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर केलरबाई आल्या, पिकल्या केसांच्या, आणि शेजारी एक रुंद खांद्यांचा फोरमन. रविराज अर्धं जर्मन, अर्धं इंग्रजी बोलत होता. कामाचे प्रश्न सरळ गेले. कुठलं मशीन, कुठलं मटेरियल, टूल तुटलं तर काय करता. फोरमनने दोनदा मान हलवली. मग केलरबाईंनी दोन पानं हातात घेतली.

"इथे लिहिलंय, हे ब्रेक तुम्हाला देण्यात आले. म्हणजे कामावरून काढलं?"

"हो. आणि परत घेतलं."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. या वेळचं सोडून."

"का काढत होते?"

रविराजने हे वाक्य आठवडाभर घोटलं होतं. "कायम करावं लागू नये म्हणून."

बाई फोरमनशी काहीतरी भरभर बोलल्या. त्यातलं त्याला एक अक्षर कळलं नाही. त्याचा पाय हलायला लागला आणि ताईंनी टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर पट्टी मारली.

आता फोरमन बोलला. हळू, एकेक शब्द सुटा करून. "तुम्हाला काम येतं. मग दर वेळी तिथेच परत का गेलात? दुसरीकडे का नाही?"

हा प्रश्न त्याने घोटला नव्हता. कुणी विचारलाच नव्हता कधी, ना चैतालीने, ना आईने, ना त्याने स्वतः. घर जवळ आहे म्हणून, असं सांगता आलं असतं. सगळीकडे असंच आहे म्हणून, हेही खोटं नव्हतं. बाहेर बसचा हॉर्न वाजला. त्याला जर्मन शब्द सापडेनात. मग जे सापडले तेच त्याने ओळीत मांडले.

"मला दर वेळी वाटायचं," तो म्हणाला, "की या वेळी कायम करतील."

फोरमनने समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. केलरबाईंनी पानं खाली ठेवली आणि म्हणाल्या, लेखी कळवू.

शटर वर गेलं. चैतालीने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि त्याची कॉलर पुन्हा नीट केली. तबस्सुमताई काउंटरवरची धूळ उगाच पुसत राहिल्या.

"रडलो का मी?"

"नाही. पण मी रडले," त्या म्हणाल्या. "चहा सांगते."

दोन आठवडे त्याने मेल तासातासाला उघडली. मग एक दिवस करारपत्र आलं, बारा पानांचं. तबस्सुमताईंनी प्रिंट काढली, आणि रविराज उभ्याने, दाराशी, बोट ठेवून वाचत गेला. नोकरी : सेटर. गाव. तास. सुट्ट्या. आणि मग त्याचं बोट अडकलं.

"ताई, हे काय आहे?"

"पहिले सहा महिने परीक्षाकाळ."

"सहा महिने?"

"हो."

"नंतर?"

"नंतर लिहिलंय, मुदत नाही. म्हणजे कायम."

"तसं लिहितात." त्याने करार काउंटरवर ठेवला, जणू हात भाजला. "सहा महिने म्हणजे काय ते मला विचारा. सहा महिने झाले की तिथली केलरबाई म्हणणार, रविराज, थोडं घरी थांब, फोन करते. आणि तिकडे घर कुठंय? कुणाच्या वर्कशॉपला जाऊन बसू? हिरामण आहे का तिकडे?"

"भाऊ, तिथे सगळ्यांनाच असतं ते. त्यांच्या लोकांनाही."

"इथेही सगळ्यांनाच होतं!"

त्या रात्री तो जेवला की नाही हे चैतालीला आठवत नाही, कारण तो सतत उठत होता. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो शटरपाशी उभा. त्याने ताईंकडून मेल लिहून घेतली. ताई म्हणाल्या, असं विचारतात का कुणी, मिळालेली नोकरी घालवाल. तो म्हणाला, विचारा. मेलमध्ये एकच प्रश्न होता : परीक्षाकाळ संपल्यावर किती दिवस घरी थांबावं लागतं, आणि परत बोलावण्याची पद्धत काय आहे?

उत्तर संध्याकाळी आलं. केलरबाईंनी लिहिलं होतं : 'तुम्ही मुलाखतीत सांगितलेला प्रकार आमच्याकडे नाही. सहा महिने तुम्ही आम्हाला पारखा, आम्ही तुम्हाला पारखतो. त्यानंतर तुम्ही कामावर येत राहायचं. सुट्टी हवी असल्यास अर्ज करावा लागेल.'

चैतालीने ते मोठ्याने वाचलं, बालवाडीच्या आवाजात. "ऐकलंत? घरी बसायचं असेल तर तुम्हाला अर्ज करावा लागेल!"

"पप्पा, अर्ज करा ना," वेदिका म्हणाली.

रविराज हसला, पण अर्धाच. करार त्याने उशाखाली ठेवला, मग तिथून काढून कपाटात, मग कपाटातून पुन्हा टेबलावर. शेवटी सही केली. पेन खाली ठेवतानाच म्हणाला, "पहिले सहा महिने मी एकटा जातो. सातव्या महिन्याचा पगार खात्यात आला की तुमची तिकिटं काढू."

"आणि नाही आला तर?"

"तर परत येतो. शेठना फोन करतो."

"शेठनी तुम्हाला केव्हाच काढून टाकलंय. तो नंबर आधी पुसा मोबाईलमधून. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने मोबाईल उघडला. धनराजशेठचं नाव शोधलं. अंगठा बराच वेळ त्यावर धरून तो उभा राहिला, आणि उभ्या उभ्या त्याची टाच जमिनीवर आपटत राहिली.

"असू दे," तो म्हणाला आणि मोबाईल खिशात टाकला. "सातव्या महिन्यात पुसतो."